अलीगढची शिरगणती

महाराष्ट्राबाहेर, आणि त्यातही उत्तरेकडे, बदलून आलेल्या मराठी नोकरदाराला नव्या गावाची पहिली ओळख पुष्कळदा माकडे करून देतात. बिऱ्हाड लावून होते न होते, तोच गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फडशा पडतो, दोरीवरचा टॉवेल शेजारच्या कडुनिंबावर फडकू लागतो, आणि घरच्या मंडळींना कळून चुकते की ह्या प्रांतात खिडकीला गज असणे ही चैन नसून गरज आहे. आपल्याकडे वानर निराळा आणि माकड निराळे. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. डोक्यावर केसांची टोपी ठेवल्यासारखे दिसते ते माकड. उत्तरेतील माकड ह्या दोहोंहून भिन्न आहे. शेपूट आखूड, अंग पिंगट, तोंड व बूड तांबूस, आणि स्वभाव ठाण मांडून बसणाऱ्या वतनदाराचा. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ऱ्हीसस म्हणतात. येथील लोक नुसते 'बंदर' म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात काम करीत असताना ह्या बंदरांच्या उपद्रवाविषयीची एक फाईल आमच्यापुढे आली. फाडलेले कागद, तोडलेल्या तारा, जिन्यात चावा घेतलेला एक शिपाई, अशा तक्रारींनी ती फुगली होती. तीत एक तक्ता होता आणि तक्त्यात एक रकाना होता : 'माकडांची संख्या'. आमच्या आधी कोणा सहकाऱ्याने त्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता : 'असंख्य'. आम्हीही त्याखाली सही करून फाईल पुढे पाठविली. त्या वेळी आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे ह्या विषयावरील वाचन घडले, तेव्हा त्या सहीची लाज वाटू लागली. ह्याच देशात, दिल्लीपासून दूर नसलेल्या एका गावी, एका प्राध्यापकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'असंख्य' ह्या शब्दावर विसंबायचे नाकारून माकडे एकेक करून मोजली होती, आणि तीस वर्षांहून अधिक काळ मोजीत राहिले होते. त्या शिरगणतीची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

ह्या हकीकतीची पार्श्वभूमी समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जावे लागते. उत्तर भारतीय माकड हे त्या काळी पाश्चात्त्य वैद्यकाचे एक आवडते साधन होऊन बसले होते. १९३८ साली क्लॅरेन्स रे कार्पेंटर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने लखनौच्या परिसरातून शेकडो माकडे पकडविली, कलकत्त्याहून ती जहाजावर चढविली, आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सँटियागो नावाच्या लहानशा बेटावर सुमारे चारशे माकडे मोकळी सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. १९४० साली लँडस्टायनर व वीनर ह्यांनी रक्तातील एका घटकाचा शोध जाहीर केला, तोही ह्याच माकडाच्या रक्ताच्या साहाय्याने. आपल्या रक्तगटापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असे जे लिहिले जाते, त्यातील 'आर-एच' ही अक्षरे ऱ्हीसस ह्या नावाचीच आहेत. १९५५ मध्ये जोनास साल्क ह्यांची पोलिओची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. त्या लशीसाठी लागणारा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढविला जाई. जगभरच्या मुलांना लस हवी होती. लशीसाठी माकडे हवी होती. आणि माकडे भारतात होती.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाकाठी एक लाखाहून अधिक माकडे परदेशी जात. उत्तर प्रदेशातील गावोगावचे पारधी ती जाळ्यांत पकडीत, पिंजऱ्यांत भरून दिल्लीस आणीत, आणि तेथून विमाने निघत. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत शेकडो माकडे गुदमरून मेली; तेव्हा येथे हळहळ झाली आणि सरकारने निर्यात काही काळ थांबविलीही. पण लशीची निकड मोठी होती. माकडांचा उपयोग वैद्यकीय कार्यासाठीच होईल, अशी हमी घेऊन व्यापार पुन्हा सुरू झाला. ह्या सर्व व्यवहारात एक गोष्ट मात्र कोणी विचारली नाही. मुळात माकडे आहेत किती? देवळात पाहावे तर माकडे, स्थानकावर पाहावे तर माकडे, बाजारात तर विचारूच नये. मग मोजायचे कशाला, असा एकूण भाव होता. आमच्या फाईलमधील 'असंख्य' हा शब्द त्या काळापासून चालत आलेला आहे.

अशा वेळी, १९५९ मध्ये, चार्ल्स साउथविक नावाचे एकतीस वर्षांचे अमेरिकी प्राध्यापक फुलब्राइट योजनेखाली अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आले. ओहायो विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवीत. माकडांशी त्यांचा पूर्वपरिचय होता. विद्यार्थिदशेतच पनामातील एका बेटावर त्यांनी तेथील झाडांवरच्या माकडांची मोजणी करण्यात भाग घेतला होता. परंतु त्यांचा खरा अभ्यासविषय उंदीर हा होता. विस्कॉन्सिन येथे त्यांनी बंदिस्त जागेत उंदीर ठेवून, त्यांना हवे तितके अन्न पुरवून, त्यांची संख्या कशी वाढते हे पाहिले होते. अन्नाला तोटा नसताही काही काळाने वाढ थांबे. गर्दी झाली की भांडणे वाढत, माद्यांच्या विणीची आबाळ होई, पिल्ले मरत. पुढे ऑक्सफर्ड येथे चार्ल्स एल्टन ह्यांच्या संस्थेत राहून त्यांनी इंग्लंडमधील शेतांवरच्या धान्याच्या गंजींत राहणाऱ्या उंदरांचा अभ्यास केला. माणसाच्या आश्रयाने, माणसाच्या अन्नावर जगणारा प्राणी किती वाढतो, कशामुळे थांबतो, आणि दाटीवाटीत कसा वागतो, हा प्रश्न घेऊन ते अलीगढला आले. तेथे त्यांना उंदराऐवजी माकड मिळाले आणि गंजीऐवजी उत्तर हिंदुस्थानातील अख्खे शहर मिळाले.

त्या काळी माकडांचा अभ्यास म्हणजे अरण्यात जाऊन राहणे, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. गावातले माकड हे जणू भ्रष्ट झालेले माकड. त्याच्याकडून निसर्गाविषयी काय शिकायचे? साउथविक ह्यांनी ही समजूत बाजूला ठेवली. मिर्झा अझर बेग व एम. आर. सिद्दिकी ह्या अलीगढच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९५९-६० ह्या वर्षात उत्तर प्रदेशातील खेडी, शहरे, देवळे, रस्ते, कालव्यांचे काठ, रेल्वेस्थानके व अरण्ये ह्यांची पाहणी केली. ह्या पाहणीचा पहिला भाग १९६१ मध्ये अमेरिकेतील 'इकॉलॉजी' ह्या नियतकालिकात आला. दुसरा भाग, रस्ते-लोहमार्ग आणि अरण्ये ह्यांविषयीचा, त्याच वर्षी त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

शिरगणती म्हणजे नुसती डोकी मोजणे नव्हे, हे आपल्यापैकी ज्यांनी जनगणनेचे काम केले आहे त्यांना सांगावयास नको. टोळीत पूर्ण वाढलेले नर किती, माद्या किती, आईच्या पोटाला बिलगलेली पिल्ले किती, आणि आईला सोडून हुंदडू लागलेली एक ते तीन वर्षांची पोरे किती, अशी वर्गवारी करावी लागते. माकड जागेवर बसून मोजून घेत नाही. भिंतीआड गेलेले कोणते, तेच फिरून आलेले कोणते, हे ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो. हा डोळा तयार करणे हेच ह्या प्राध्यापकाचे खरे अध्यापन होते. अलीगढच्या ज्या सहकाऱ्यांनी तो आत्मसात केला, त्यांनी साउथविक मायदेशी परतल्यावरही मोजणी चालू ठेवली. त्यांत एम. एफ. सिद्दिकी ह्यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. साउथविक १९६१ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आणि १९७९ पासून कोलोरॅडो विद्यापीठात शिकवीत होते. पण त्यांच्या लेखांवर साउथविक आणि सिद्दिकी ही दोन नावे तीन दशके जोडीने छापली जात राहिली. परदेशी विद्वान येतो, सामग्री घेऊन जातो आणि येथल्या माणसाचे नाव तळटीपेत राहते, असे पुष्कळदा घडते. येथे तसे घडले नाही, हे ह्या इतिहासातील एक समाधान आहे.

पाहणीतून जे निघाले ते त्या वेळी अनपेक्षित होते. पहिली गोष्ट अशी की, ह्या प्रांतातील बहुसंख्य माकडे अरण्यात राहतच नव्हती. ती खेड्यांत, शहरांत, रस्त्याकडेला, कालव्यांच्या काठी, म्हणजे माणसाच्या सोबतीत राहत होती. अरण्यातल्यांचा वाटा अगदी थोडा होता. जिला आपण रानटी म्हणतो ती ही जात उत्तर प्रदेशात तरी नगरवासी व ग्रामवासी होती. दुसरे असे की, गावातल्या टोळ्या लहान होत्या, तर देवळांतल्या व अरण्यातल्या टोळ्या त्यांच्याहून पुष्कळ मोठ्या होत्या. ह्या लहानपणाचे कारण तिसऱ्या निष्कर्षात दडलेले होते, आणि तो निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा होता.

उत्तर भारतात ह्या माकडांची वीण मुख्यतः मार्च ते मे ह्या महिन्यांत होते. पाहणीत दिसले की बहुतेक वयात आलेल्या माद्यांजवळ तान्ही पिल्ले होती. म्हणजे जननात काही उणे नव्हते. मग पुढच्या वर्गात, एक ते तीन वर्षांच्या पोरांत, त्या हिशेबाने मोठी संख्या दिसावयास हवी होती. ती दिसेना. पाळणे भरलेले आणि शाळा ओस, असा तो प्रकार होता. पोरे गेली कोठे? रोगाने मेली म्हणावे, तर तान्ही पिल्ले जगत होती. उत्तर पारध्यांच्या पिंजऱ्यांत होते. प्रयोगशाळांना लहान वयाची, हाताळण्यास सोपी माकडे हवी असत. म्हणून नेमकी तीच पकडली जात. टोळीतील थोर मंडळी देवळाच्या कळसावर बसलेली दिसत, आयांच्या पोटाशी पिल्ले दिसत, आणि पाहणाऱ्याला वाटे की सर्व आलबेल आहे. परंतु उद्या ज्यांनी वयात यावयाचे ती पिढी दरसाल निघून जात होती. नुसत्या डोळ्यांना 'असंख्य' दिसणारी वस्ती आतून पोकळ होत चालली होती, आणि हे केवळ वयोगटांच्या रकान्यांमुळे कळले. आम्हांला ह्या साऱ्या इतिहासात हे स्थळ सर्वांत हृद्य वाटते.

अलीगढ जिल्ह्यातील टोळ्यांची मोजणी पुढे वर्षामागून वर्षे होत राहिली. १९६० च्या दशकात आकडे उतरतच गेले. काही गावांतील टोळ्या तर समूळ नाहीशा झाल्या. ह्याला एक अपवाद होता. छतारी दोराहा नावाच्या रस्त्याच्या फाट्यावर एक टोळी होती, आणि तेथील लोकांनी ती जपली होती. पारध्यांना ते हात लावू देत नसत. ती टोळी वाढत गेली. हवा, पाऊस व रोगराई तीच असताना एक टोळी वाढते आणि इतर घटतात, त्या अर्थी फरक माणसांच्या वागणुकीचा आहे, हे कोणालाही कळण्यासारखे होते. ह्याच काळात लोकांचा भावही पालटत होता. हनुमंताचे रूप म्हणून ज्याला गूळ-चणे घालावयाचे, त्याच्याकडे पिकाची नासाडी करणारा म्हणून पाहणारे शेतकरी वाढत होते, आणि पारध्याला 'घेऊन जा एकदाचे' म्हणणारी गावेही होती.

संख्या घटत असल्याची जाणीव सरकारी पातळीवर हळूहळू पोचली. १९७० च्या दशकात निर्यातीची वार्षिक मर्यादा उतरवीत आणली गेली. त्या दशकाच्या मध्यास ती वीस हजारांवर आली. शेवटी १९७७ च्या अखेरीस, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, निर्यात सर्वस्वी बंद करण्याचे जाहीर झाले आणि १ एप्रिल १९७८ पासून बंदी अमलात आली. बंदी शिरगणतीमुळे आली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. भारतीय माकडे अमेरिकेत किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघड झाले, आणि वैद्यकीय कार्याची जुनी हमी मोडल्याचा रोष हे त्या निर्णयाचे तात्कालिक कारण होते. परंतु बंदीने काय साधले हे सांगणारे आकडे मात्र अलीगढकरांपाशी होते. १९८० च्या दशकात टोळ्यांतून पोरे पुन्हा दिसू लागली, एकूण संख्या चढू लागली, आणि १९८८ मध्ये साउथविक व सिद्दिकी ह्यांनी भारतातील माकडांची स्थिती अंशतः सावरल्याचे नोंदविले. 'अंशतः' हा शब्द त्यांचाच. मोजणाऱ्या माणसाची भाषा अशी जपून असते.

येथवर झाली संख्येची कथा. वर्तनाची कथा तिच्या बरोबरीने चालली होती, आणि आज शहरात राहणाऱ्या आम्हां-तुम्हांला ती अधिक जवळची आहे.

शहरातले माकड भांडखोर का, असा प्रश्न विचारला की दहांपैकी नऊ जण सांगतील, भुकेपोटी. साउथविक ह्यांनी कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयातील एका टोळीवर ह्याची परीक्षा पाहिली. तो निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि भांडणे मोजली. अन्न निम्म्यावर आणले, तेव्हा भांडणे वाढण्याऐवजी कमी झाली. अर्धपोटी माकडे भांडणात शक्ती दवडीनाशी झाली. तेवढेच अन्न सर्वत्र पसरून न ठेवता एकाच ठिकाणी ठेवले, तेव्हा भांडणे वाढली. जागा निम्मी केली, तेव्हाही वाढली. आणि टोळीत परकी माकडे आणून सोडली, तेव्हा जो कलह माजला तो सर्वांहून मोठा होता. पुढे अलीगढच्या मुलखातील मोकळ्या टोळ्यांतही परकी माकडे सोडून पाहण्यात आली. १९७४ च्या निबंधात त्याचा वृत्तान्त आहे. तेथेही यजमान टोळीने पाहुण्यांचा समाचारच घेतला. माणसांनी घातलेल्या अन्नाभोवती भांडणे कशी वाढतात, ह्याचाही निराळा अभ्यास झाला. उंदरांच्या पिंजऱ्यात सुरू झालेला प्रश्न अशा रीतीने देवळाच्या पायरीपर्यंत येऊन पोचला.

ह्याच सुमारास शिवदान सिंह ह्या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी शहरी व अरण्यवासी माकडांची तुलना केली. १९६९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा 'शहरी माकडे' ह्या विषयावरील लेख आला आणि तो पुष्कळ गाजला. शहरी माकड अधिक आक्रमक, अधिक चौकस, नव्या वस्तूला हात घालण्यास अधिक उत्सुक आढळले. परंतु शिकण्याच्या कसोट्यांत ते अरण्यातल्या भाऊबंदांहून सरस ठरले नाही. शहर धीट करते, खटपटे करते. शहाणे करतेच असे नाही. शहरवासी वाचकांनी ह्यातून आपल्यापुरता काय तो बोध घ्यावा.

असो. ह्या निष्कर्षांकडे आज, इतक्या वर्षांनी, पाहताना मन अस्वस्थ होते, कारण गेल्या काही दशकांत आपण शहरांतून जे केले ते जणू कलकत्त्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर उलट्या हेतूने करून पाहावा तसे झाले. पुण्य लाभावे म्हणून मंगळवारी-शनिवारी चौकात केळ्यांचा ढीग ओतावयाचा, म्हणजे अन्न एका जागी साठवावयाचे. टेकड्या, बागा व जुनी झाडे ह्यांवर इमारती उठवावयाच्या, म्हणजे जागा निम्मी करावयाची. आणि तक्रारी वाढल्या की ह्या मोहल्ल्यातली चार, त्या बाजारातली सहा माकडे पकडून भलत्याच ठिकाणी एकत्र सोडावयाची, म्हणजे परक्यांत परके मिसळावयाचे. भांडणे वाढविणाऱ्या तिन्ही गोष्टी आपण श्रद्धेने, विकासाने आणि बंदोबस्ताने केल्या, आणि मग 'माकडे माजली' असा निर्वाळा दिला.

स्थलांतर कधीच साधत नाही, असे नव्हे. १९९७ मध्ये वृंदावनातील सुमारे सहाशे माकडे हलविण्यात आली. त्या कामात तुघलकाबादच्या किल्ल्यातील माकडांचा दीर्घ अभ्यास केलेल्या इक्बाल मलिक ह्यांचा हात होता. जेथे सोडावयाचे त्या जागा आधी पाहिल्या गेल्या, आणि नंतरही त्या माकडांवर लक्ष ठेवण्यात आले. म्हणून ते काम यशस्वी म्हणून नोंदले गेले. दिल्लीची गोष्ट निराळी झाली. मार्च २००७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने शहरातील माकडे पकडून असोला-भट्टी अभयारण्यात नेण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीचे उपमहापौर एस. एस. बाजवा माकडांच्या हल्ल्यात घराच्या वरच्या मजल्यावरून पडून दगावले, आणि प्रश्नाला दुःखद गांभीर्य आले. निरनिराळ्या वस्त्यांतली हजारो माकडे एका अभयारण्यात गेली. तेथे त्यांना सरकारी फळे-भाज्या पुरवाव्या लागल्या. आणि तरीही शहर माकडांवाचून राहिले नाही. रिकाम्या झालेल्या गच्चीवर शेजारची टोळी येते, हे कोणी हिशेबात घेतले नव्हते. पुढे माकडांना भिववण्यास लंगूर आणले गेले, लंगूर पाळणे कायद्यात बसत नाही म्हणून लंगुराचा आवाज काढणारी माणसे नेमली गेली, आणि २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी रस्तोरस्ती लंगुराची चित्रे उभी केली गेली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने तर ऱ्हीसस माकडाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित सूचींतूनच वगळले. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. ज्या जातीची एकेकाळी लाखांनी निर्यात होत होती, तिला संरक्षण मिळून ते गेलेही. हे सारे एका मनुष्याच्या आयुष्याच्या अवधीत घडले.

मराठी मुलखालाही ह्या प्रश्नाची झळ आहे. उत्तरेचे हे माकड आणि दक्षिणेचे आपले टोपीवाले माकड ह्यांची सीमा पूर्वी पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी अशी ढोबळमानाने सांगितली जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि तो येतो तेथून टोपीवाला हटत आहे. ह्या सरकण्याला माणसाचाही हातभार आहे. एका गावची पकडलेली माकडे गुपचूप दुसऱ्या मुलखात सोडून देण्याची रीत जुनीच आहे. सर्वत्र दिसतो म्हणून ज्या टोपीवाल्याची कोणी काळजी करीत नाही, त्याची गत उद्या अलीगढच्या पोरांसारखी होऊ नये. निदान त्याची मोजणी तरी वेळीच व्हावी.

साउथविक २०१५ मध्ये वारले. त्यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माकडांच्या सामाजिक वर्तनावरील निबंधांचा संग्रह संपादिला, १९७२ मध्ये पर्यावरणावर पाठ्यपुस्तक लिहिले, आणि काठमांडूच्या स्वयंभू मंदिरापर्यंत आपले विद्यार्थी माकडांमागे पाठविले. परंतु त्यांच्या अध्यापनाचे सार पाहावयाचे तर ते अलीगढच्या त्या रकान्यांत पाहावे. प्राण्याविषयी काही ठरविण्यापूर्वी तो मोजावा. मोजताना त्याची पोरे वेगळी मोजावी. आणि त्याच्या वागण्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्यासमोर आपण काय वाढून ठेवले आहे ते पाहावे.

आपण परप्रांती राहणारी माणसे. आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून बंदोबस्ताच्या, निविदांच्या, स्थलांतराच्या फायली जातात. शिक्का मारून कागद पुढे ढकलणे आपल्याला जमते, आणि 'असंख्य' हा शब्द लिहावयास सोपा असतो. त्याला पाहणी लागत नाही, सकाळी लवकर उठावे लागत नाही, आणि चूकही निघत नाही. एक परदेशी प्राध्यापक आणि अलीगढचे त्याचे सहकारी ह्यांनी तो शब्द खोडून तेथे आकडा लिहिला, म्हणून एक पिढी नाहीशी होत असल्याचे वेळीच कळले. ती फाईल आज आमच्यापाशी नाही. असती तर त्या रकान्यातील आमची सही आम्ही मागे घेतली असती, आणि उजाडताच गच्चीवर जाऊन मोजावयास लागलो असतो.